तीन शिट्ट्यांवर बंद होणारा गॅस

तो टायमर मी आणला, मीच बसवून घेतला, आणि त्याचं जे काय पाप-पुण्य असेल ते माझ्याच नावावर. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मग दुकानदाराला नाही तर शेजारणीला बोल लावायचा मोह व्हायला नको. आपलं चुकलं की दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची माणसाला खोडच असते, आणि मी काही जगावेगळी नाही.

टायमर म्हणजे फार मोठं यंत्र नव्हे. सिलिंडरकडून शेगडीकडे जी नळी जाते तिच्यामध्ये बसवायचं एक गोल बटण, त्यावर मिनिटांचे आकडे. जितकी मिनिटं फिरवाल तितका वेळ गॅस चालणार. वेळ संपला की ‘खट्’ असा आवाज येतो आणि गॅस आपोआप बंद. बटण फिरवल्याशिवाय गॅस येतच नाही, म्हणून चालू राहून जायची भीती नाही. खोक्यावर लिहिलं होतं, ‘गॅस वाचवा’, आणि एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. स्वयंपाक करताना इतकं हसणारी बाई मी आजवर कुठं पाहिली नाही, पण असो.

तो आणला मायसाठी. माझी माय अकोल्यात एकटी राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, नोकरीची शेवटची पुष्कळ वर्षं तिनं पातूरला काढली आणि रिटायर झाल्यावर अकोल्यात स्वतःच्या कमाईच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. लाइनीतलं घर, शेजारच्यांची आणि आमची एक भिंत सामाईक. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मी अमरावतीला, राजापेठेत, तिसऱ्या माळ्यावर. सकाळी शाळा, दुपारून घरीच दहावीच्या गणिताच्या ट्यूशन. नवरा दर्यापूरच्या शाळेत, सकाळी बस धरतो तो दिवेलागणीला परत. म्हणजे मायकडे जायचं ते मीच, आणि रविवारीच. सहा दिवस दुसऱ्यांची पोरं शिकवून सातव्या दिवशी बसमध्ये बसलं की मूर्तिजापूर यायच्या आधीच माझी मान खिडकीवर आपटायला लागायची.

मायचा गॅस वाचवायचा नाद जुना. डाळ आदल्या दिवशीच भिजत घालायची. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, त्याच्यावर वाटीत एखादा आलू. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि कुकरवर जुन्या लुगड्याची चौघडी. ‘वाफ फुकट हाये न, थे वापर!’ असं म्हणायची. मी झाकण न ठेवता चहाचं आधण ठेवलं की आतून ओरडायची, ‘झाकन टाक व, आभाळाले चहा पाजतं का?’ तिचं सिलिंडर इतके दिवस पुरायचं की लाइनीतल्या बाया विचारायला यायच्या. घड्याळ पाहून नाडी मोजलेला हात तो. त्या हाताला मिनिट म्हणजे काय ते ठाऊक होतं.

आता भिंतीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्या भिंतीवरच आहे. भिंतीच्या पलीकडे राहणारी बाई ब्लाउज शिवायची, आणि तिची शिलाई मशीन बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. आमच्या लाइनीत कोणाकडे काय शिजतंय ते शिट्ट्यांवरूनच कळायचं. तीन म्हणजे वरण-भात. सहा-सात म्हणजे मटण, नाही तर पाहुणे. मायच्या तीन शिट्ट्या झाल्या की माय गॅस बंद करायची आणि सांडशीनं भिंतीवर एकदा ठोकायची. म्हणजे, झालं बंद. ते ठोकणं ऐकू आलं नाही आणि चौथी शिट्टी झाली, तर पलीकडून लाकडी पट्टी वाजायची, ‘सिस्टरबाई, चार झाल्या!’ पाचवी झाली तर ती बाई मशीन सोडून स्वतः यायची. तिच्या कुकरचं माय तसंच करायची. हे कोणी ठरवलं नव्हतं, दोन बायांनी एका भिंतीला पाठ लावून वर्षं काढली की असं काहीबाही आपोआप तयार होतं.

मग माय विसरायला लागली. आधी दूध करपलं, ते कोणाचंही करपतं. मग कुकर लावून मोगऱ्याला पाणी घालायला बाहेर जायची आणि तिथंच कोणाशी बोलत बसायची. मग मला फोन यायला लागले, ते नेमके वर्गात असताना.

‘जयभीम ताई. शाळा चालू हाये काय? काई नाई, आज सिस्टरबाईच्या पाच झाल्या. मी जाऊन बंद केला. तुमाले माहीत असलेलं बरं, म्हनून फोन केला.’

दोन दिवसांनी पुन्हा. फळ्यावर गणित अर्धं, पोरं माझ्याकडे पाहताहेत, आणि मी दाराशी उभी राहून अकोल्याच्या शिट्ट्यांचा हिशोब ऐकतेय. बाई बिचारी भल्यासाठीच सांगायची, पण तो फोन वाजला की मला आधी भीती वाटायची, आणि मग राग यायचा. मी थकले होते. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

एक दिवस शिट्टी झालीच नाही. मायनं ती धुतलीच नव्हती, जुन्या डाळीनं बुजली होती. सेफ्टी वॉल्व्ह उडाला, अर्धी डाळ छताला. मी अर्धी रजा टाकून पोचले तेव्हा माय स्टुलावर चढून ओल्या खराट्यानं छत घासत होती.

‘वर पाहू नको,’ मला म्हणाली, ‘खाली पाह्य, घसरशीन.’

‘माय, खाली उतर आधी! बाप्पा, काय जीव घेतं का माहा? बस झालं. चाल अमरावतीले.’

‘मले त्या तिसऱ्या माळ्यावर नेऊन टांगतं का? थ्या घरात मी काय करू, तुह्या ट्यूशनच्या पोराइच्या चपला मोजू? हात चालते तवरक मी माह्या घरी, माह्या हातचं खाईन.’

‘हात चालते न माय. डोकं कुठं चालते?’

बोलून गेले. माय स्टुलावरून उतरली, खराटा कोपऱ्यात ठेवला, आणि माझ्यासाठी चहा ठेवला. झाकण टाकून. चहा होईपर्यंत शेगडीपाशीच उभी राहिली, नजर हलवली नाही. त्या दिवशी मला कळलं की तिलाही कळलं आहे, आणि ती घाबरली आहे. आपल्या घरात राहता येईल की नाही, एवढा एकच प्रश्न आता तिच्यापुढे उरला होता, आणि उत्तर माझ्या हातात होतं. मी घट्ट धरून ओढलं असतं तर तिला यावंच लागलं असतं.

ओढलं नाही. राजापेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात तो टायमर लटकलेला दिसला आणि मला वाटलं, सापडलं. पुढच्या रविवारी अकोल्यात फिटर बोलावून बसवूनही घेतला. मायला सांगितलं, ‘गॅस वाचवाले आणला.’

‘मी काय गॅस उधळून राह्यली काय?’

‘उधळत नाई, पन अजून वाचते. आजकाल सगळेच लावतात.’

माय खोक्यावरच्या हसऱ्या बाईकडे पाहत राहिली. ‘इले काय झालं एवढं हासाले?’ म्हणाली. खरं कारण तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. पण दोघींनी त्या गॅस वाचवण्यावरच विषय मिटवला. तेवढा मान तिला हवा होता, आणि मला तिच्या डोळ्यांत पाहून दुसरं काही सांगायची हिंमत नव्हती.

पहिले काही दिवस टायमरशी तिचं कडाक्याचं भांडण. भरताचं वांगं भाजायला ठेवलं की मधेच खट्. फोनवर मला ऐकवायची, ‘अर्धं वांगं भाजलं आन् हा मेला झोपला! सासऱ्यासारखा नखरा हाये याचा.’ भाकरी टाकताना तर दोनदा फिरवावं लागायचं, तव्यावरची भाकरी चिवट व्हायची, आणि सगळ्या शिव्या माझ्या नावानं. कुकरचं मात्र मी पक्कं करून दिलं होतं. गणिताची बाई ना मी! तीन रविवार शेगडीपुढे घड्याळ घेऊन बसले. भिजवलेली डाळ, तिचाच कुकर, मधली आच. बरोबर पंधरा मिनिटांत तीन शिट्ट्या. पंधराच्या आकड्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ठिपक्यापर्यंत फिरव, बाकी पाहू नको.

आणि ते जमलं. खरंच जमलं. महिन्याभरात माय आल्या-गेल्याला दाखवायला लागली, ‘माहा गॅस शिकेल हाये, आपल्या मनानं बंद होते.’ सिलिंडर आधीपेक्षाही जास्त पुरायला लागलं. भिंतीवर सांडशी मात्र ठोकतच राहिली, टायमर खट् झाला की लगेच ठक्.

एका रविवारी ते पाहून मी म्हटलं, ‘आता कायले ठोकतं व माय? बंद तं आपोआपच होते.’

‘तिकडं तिले समजलं पायजे न.’

मी चपला घालून शेजारी गेले. गोड बोलले. म्हटलं, तुमचे उपकार आहेत, पण आता टायमर लावला आहे, तुम्ही कान देऊन बसू नका, तुमच्या कामाचा खोळंबा होतो. तिनं पट्टी हातात फिरवत म्हटलं, ‘मले काय खोळंबा ताई? मशीन तं भिंतीलेच हाये.’ मी म्हटलं, नाही, खरंच गरज नाही आता. ‘बरं,’ म्हणाली. तिला थोडं लागलं असावं. मला कळलं, पण मी कळून न कळल्यासारखं केलं, कारण मला तिचे फोन बंद व्हायला हवे होते. घरी येऊन मायलाही बजावलं, उगाच भिंत ठोकू नकोस, रंगाचे पोपडे निघाले आहेत. निघालेच होते, सांडशीच्या उंचीवर वीतभर जागेत विटा दिसत होत्या.

ठोकणं बंद झालं. फोन बंद झाले. दर रविवारची मी पंधरा दिवसांवर आले, मग कधी तीन आठवड्यांवर. रविवारी दुपारी झोपायला लागले. झोपेतून उठल्यावर थोडं अपराधी वाटायचं, मग मी मायला फोन करायची आणि ती म्हणायची, ‘मी मस्त हाये, तू झोप.’

ज्या दिवशी झालं तो साधा मंगळवार होता. ट्यूशनला पोरं बसली होती, तीन वाजून गेले होते, आणि फोनवर शेजारणीचं नाव आलं. कितीतरी महिन्यांनी. फोन उचलायच्या आधी माझ्या कपाळाला आठी आली. ती आठी माझ्याशिवाय कोणी पाहिली नाही, पण मी पाहिली.

‘ताई, तुमी निघा. सिस्टरबाई पडल्या हायेत. सकाळपासून पडून होत्या, मले आत्ता समजलं.’

माय सकाळी अकराच्या सुमारास कुकर लावून फळीवरचा डबा काढायला गेली होती. ओट्यापाशी फरशी ओली होती. पाय गेला, खुब्याचं हाड मोडलं. मोबाइल बाहेरच्या खोलीत, दाराची कडी आतून. हाका मारल्या, पण पलीकडे मशीनची मोटार आणि पंखा. शेजारीण तीन वाजता कढीची वाटी घेऊन आली, दार वाजवलं, उत्तर नाही म्हणून खिडकीतून पाहिलं, तेव्हा कळलं. चार तास. ती मला दवाखान्याच्या जिन्यात धरून रडत होती आणि एकच सांगत होती, ‘मी मशीनवरच होती व ताई. शिट्या बरोबर तीन झाल्या. बंदबी झालं. म्हटलं सिस्टरबाई जेवाले बसल्या असतीन.’

तिनं ऐकलं होतं ते बरोबरच होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माय शुद्धीत होती, दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं. मी तिच्या हाताशी बसले होते. तिनं न विचारता सांगितलं. रागानं नाही, नर्स रुग्णाचं सांगते तसं.

‘पडली तवा पयली शिटी व्हायची होती. मी मोजून राह्यली होती. म्हटलं, दम धर, तीन होतीन, चौथी झाली का तिकडून ठोकते. पाचवीले येतेच. दुसरी झाली. तिसरी झाली. मंग खट् झालं.’ तिनं चादर सारखी केली. ‘मी म्हटलं, अवं, एक तं अजून होऊ दे.’

मी तिथून उठून बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये एका खुर्चीत बसले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. पंधरा मिनिटांचा तो लाल ठिपका मी किती कौतुकानं दिला होता! एक मिनिटही इकडेतिकडे नाही. भिंतीपलीकडे कान होता, तो मी बंद केला. सांडशी होती, ती मी बंद केली. कुकर वाजत राहिला असता तर तिचं बोलावणं गेलं असतं, तो टायमरनं बंद केला.

मायला अमरावतीला आणावंच लागलं. लिफ्ट नाही, खुर्चीत बसवून दोघांनी तिसऱ्या माळ्यावर उचललं. जिन्याच्या वळणावर ती मला म्हणाली, ‘टांगलंच शेवटी.’ उचलणारे हसले. मला हसू आलं नाही.

अकोल्याचं घर आवरायला मी एकटीच गेले. कुकर तसाच ओट्यावर होता, उघडल्यावर आंबलेल्या डाळीचा वास आला. टायमरचं बटण शून्यावर. सिलिंडर हलवून पाहिलं तर चांगलं जड होतं, अर्ध्याहून जास्त भरलेलं. गॅस मात्र वाचला होता. भिंतीवरच्या त्या वीतभर उघड्या विटांवर मी हात ठेवला आणि पलीकडे मशीन चालू होती ते ऐकत उभी राहिले. मग एकदा ठोकलं. मशीन थांबली. पलीकडून ठोकायचं की नाही ते तिला ठरवता आलं नसावं, कारण बऱ्याच वेळानं पट्टीचा एकच आवाज आला, अगदी हळू.

माझ्याकडे मायची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली आहे. दुसरीकडे जागाच नाही. वॉकर दिला आहे, पण चालायला मागत नाही, काठी मात्र जवळ लागते. माझ्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की भिंतीवर काठी वाजते, ‘तीन झाल्या व! बंद कर!’ सकाळच्या घाईत त्याचा वैताग येतो. मला मोजता येत नाही का? पोरांना गणित शिकवते मी! तरी मी मुकाट्यानं बंद करते, कारण दिवसभरात मायला आता तेवढंच काम आहे. माझ्या गॅसला टायमर नाही. तो अकोल्याचा काढून आणला होता, पेपरात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकला.

परवा सकाळी मी कणीक मळत होते. शाळेला उशीर होत होता, नवरा बससाठी निघून गेला होता. एक झाली, दोन झाल्या, तीन. काठी वाजली नाही. मी मनात म्हटलं, झोपली असेल, बरं झालं. चौथी झाली. डबा भरायचा होता, भाजी परतायची होती. हात कणकेत. पाचवी झाली. तेव्हा जरा कसंतरी झालं, पण मी म्हटलं, एवढा गोळा मळून होऊ दे. सहाव्या शिट्टीला मात्र मी कणकेच्या हातानंच धावले.

माय जागी होती. उशीला टेकून बसलेली, काठी मांडीवर आडवी, नजर दाराकडे.

‘माय! काय झालं? ऐकू नाई आलं काय तुले?’

‘आलं न. सहा झाल्या.’

‘मंग ठोकलं कावून नाई?’

‘म्हटलं पाहू,’ माय म्हणाली, ‘तू कितव्या शिटीले येतं.’

हातावरची कणीक वाळायला लागली होती. मागं सातवी शिट्टी झाली.

‘तिकडची पाचवीले येत होती,’ माय म्हणाली. ‘जाय आता, बंद कर. गॅस जळून राह्यला.’